पत्रकाराच्या अनुभवाला पगारात जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका विद्यार्थ्याचं छोटंसं पत्र होतं. पत्रकारितेचा कोर्स करतोय, घरचे विचारतात दहा वर्षांनी पगार किती होईल, वीस वर्षांनी किती होईल, कॉलेजात कुणी नीट सांगत नाही, तुमच्यापैकी कुणीतरी सांगा, एवढंच. त्याला उत्तर आलेलं काही दिसलं नाही म्हणून मी लिहितेय. माझी सगळी नोकरी मराठी पेपरांच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानं लावण्यात गेली, आधी लातूर मग सोलापूर, उपसंपादक म्हणून लागले आणि मुख्य उपसंपादक म्हणून बाहेर पडले, त्यामुळं हा प्रश्न मला ऐकीव नाही. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच सांगून ठेवते.

त्या मुलाला खरं उत्तर द्यायचं तर असं आहे की हा आकडा कुणालाच सांगता येत नाही, आणि दुखणं नेमकं तेच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलेल्या मुलाला सांगता येतं. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना १६,००० मानधन, मग नियमित वेतनश्रेणी, मग दरवर्षी तीन टक्के इन्क्रिमेंट, वर महागाई भत्ता. सरकारी कर्मचाऱ्यांना प्रमोशन नाही मिळालं तरी १०-२०-३० ची आश्वासित प्रगती योजना आहे, म्हणजे दहा, वीस आणि तीस वर्षांच्या टप्प्यावर वरची श्रेणी मिळायची सोय आहे. त्यांचंही सगळं सुखाचं आहे असं मी म्हणत नाही, शिक्षणसेवकांना तर कित्येक वर्षं सहा हजारांवर राबवलं. पण त्यांच्या हातात एक कागद आहे, त्यावर वर्षं आणि रुपये शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. बँकेतल्या क्लार्ककडे तसा कागद आहे, एसटीच्या कंडक्टरकडे आहे. आजच्या बहुतेक पत्रकारांकडे नाही.

माझ्या ओळखीतलं सांगते. जिल्हा आवृत्तीला लागलेलं पोरगं बारा-पंधरा हजारांवर सुरू होतं, चार-पाच वर्षं बरी वाढ होते कारण सुरुवातच एवढी खाली असते की वाढवल्याशिवाय माणूस टिकत नाही, लग्न ठरतं, घरचे ओरडतात, मग थोडं वाढवतात. वीस-पंचवीसपर्यंत जातं. तिथून पुढं सगळं थांबतं. बारा वर्षं झालेला आणि बावीस वर्षं झालेला यांच्या पगारात दोन-चार हजारांचा फरक, कधी तेवढाही नाही, आणि नव्यानं बाहेरून आणलेला माणूस दोघांच्याही वर. मुंबई-पुण्यात आकडे मोठे असतात पण घरभाडंही तसंच असतं. थोडक्यात काय, पहिल्या पाच वर्षांना थोडाफार भाव आहे, पुढच्या पंधरा वर्षांना नाही.

आता हे असंच असायचं, या धंद्यात पैसा नाहीच, असं लोक सहज बोलून जातात. ते मला अजिबात पटत नाही, कारण हे असं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली पहिला प्रेस कमिशन नेमला, न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष त्याचे अध्यक्ष. १९५४ ला रिपोर्ट आला, १९५५ ला श्रमिक पत्रकार कायदा झाला. त्या कायद्यानं पत्रकाराला कामगाराचे हक्क दिले आणि त्याच्या पगारासाठी वेज बोर्ड आणलं, म्हणजे पगाराचे दर ठरवायला सरकारनं नेमलेलं मंडळ. चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही, रात्रपाळी साडेपाच तासांची, नोकरकपात करायची तर संपादकाला सहा महिन्यांची आणि बाकीच्यांना तीन महिन्यांची नोटीस, हे सगळं त्यातलं आणि त्याच्या नियमांतलं. कायद्यानं रात्रपाळी साडेपाच तासांची होती हे आज कुठल्याही डेस्कवर सांगितलं तर नवीन मुलांना खरं वाटत नाही. मालक मंडळी पहिल्या दिवसापासून कोर्टात. पहिल्या बोर्डानं ठरवलेले दर १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकले नाहीत कारण पेपरांची ऐपत नीट तपासली नव्हती, तर संसदेनं त्याच वर्षी नवीन कायदा करून गाडी परत रुळावर आणली. त्यानंतरची बोर्डं अध्यक्षांच्या नावानं ओळखली जायची, शिंदे, पालेकर, बच्छावत, मणिसाना, शेवटी मजिठिया. जुनी मंडळी आपलं वय या नावांवर सांगायची, मी पालेकरच्या वेळचा, मी बच्छावतमध्ये लागलो, असं.

सोलापूरला मी होते तिथं माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुद्रितशोधक होते, वेज बोर्डवर लागलेले, आणि मी कॉन्ट्रॅक्टवर. मुद्रितशोधकसुद्धा कायद्यानं श्रमिक पत्रकारच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एकदा पीएफच्या कामासाठी आम्ही दोघांनी पगाराच्या स्लिपा समोरासमोर ठेवल्या. त्यांच्यावर बेसिक, महागाई भत्ता, घरभाडं, रात्रपाळीचा भत्ता असे सुटे सुटे रकाने होते. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात बेसिक एक पायरी वर, महागाई वाढली की भत्ता वर, कुणाला काही सांगायला नको, साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहायला नको. माझ्या स्लिपवर बेसिक अगदी छोटं, मग स्पेशल अलाउन्स नावाचा एक मोठा आकडा, आणि ऑफर लेटरवर जो सीटीसी, म्हणजे कंपनीला माझ्यावर येणारा एकूण खर्च, लिहिला होता त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा आधीच मोजून टाकलेली. पदानं मी त्यांच्या वर होते, हातात पडणारा पगार त्यांचा जास्त होता. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, त्यांचा हक्कच होता तो. वाईट याचं वाटायचं की त्यांना अजून पाच वर्षांनी काय मिळेल ते ठाऊक होतं आणि मला पुढच्या एप्रिलात काय मिळेल तेही ठाऊक नव्हतं. त्यांची वाढ आपोआप व्हायची, मला दरवर्षी मागावी लागायची. आणि ज्याला मागता येत नाही, जो मान खाली घालून पानं लावतो, त्याची राहून जाते. डेस्कवर अशीच माणसं जास्त असतात.

मजिठियाचं काय झालं ते त्या मुलानं जरूर वाचावं कारण कॉलेजात शिकवत नाहीत. ३१ डिसेंबर २०१० ला बोर्डाचा रिपोर्ट, ११ नोव्हेंबर २०११ ला केंद्र सरकारची अधिसूचना. पेपरच्या उत्पन्नाप्रमाणे वर्ग पाडलेले, त्याप्रमाणे श्रेणी, वर मोठ्या वर्गातल्या पेपरांना ३५ टक्के आणि छोट्यांना २० टक्के व्हेरिएबल पे, म्हणजे बेसिकच्या तेवढे टक्के जास्तीची रक्कम. मालक कोर्टात गेले. ७ फेब्रुवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश सदाशिवम यांच्या खंडपीठानं सगळ्या याचिका फेटाळल्या आणि सांगितलं की ११ नोव्हेंबर २०११ पासूनचा फरक वर्षभरात चार हप्त्यांत द्या. आमच्या ऑफिसात त्या संध्याकाळी पेढे आले होते. पण त्याच्या आधीच बऱ्याच ठिकाणी एक काम उरकून घेतलेलं होतं. बोर्डाच्या शिफारशींत २०(जे) नावाचं एक कलम होतं, ज्याला आपला आहे तोच पगार ठेवायचाय त्यानं तसं तीन आठवड्यांत लिहून द्यायचं. आमच्याकडे हेड ऑफिसहून एचआरची माणसं छापील फॉर्म घेऊनच आली, एकेकाला केबिनमध्ये बोलावलं, बाहेरच्याला आत काय चाललंय कळायच्या आत सह्या झाल्या. ज्याला बोर्डाप्रमाणे दीडपट मिळाले असते तो माणूस मला आहे तोच पगार बरा असं स्वखुशीनं लिहून देईल का? १९ जून २०१७ च्या निकालात सुप्रीम कोर्टानंच स्पष्ट केलं की अशा सहीमुळं बोर्डापेक्षा कमी पगार देता येत नाही आणि कॉन्ट्रॅक्टवरच्यांनाही बोर्ड लागू आहे. म्हणजे आम्ही बरोबर होतो. पण त्याच निकालात मालकांवर अवमानाची कारवाई झाली नाही, आणि ज्याला पैसे हवेत त्यानं कायद्याच्या कलम १७ प्रमाणे जाऊन आपापला दावा सिद्ध करावा असं ठरलं.

आपापला दावा, हेच सगळ्यात अवघड. नोकरीत असलेला माणूस दावा लावत नाही, कारण दुसऱ्या महिन्यात त्याची बदली कुठल्या तरी लांबच्या आवृत्तीला होते आणि दहावीतली मुलगी, आजारी सासू, घराचा हप्ता, हे सगळं सोडून तो जाऊ शकत नाही. मग लावतं कोण, तर ज्याला काढलंय तो किंवा ज्याची दोन-तीन वर्षं राहिलीत तो. कामगार आयुक्तांकडे तारखा, तिथून लेबर कोर्टात तारखा. माझ्या माहितीतल्या दोघांनी अजून एक रुपया पाहिलेला नाही.

आणि आता तो कायदाही राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या लेबर कोड, म्हणजे कामगार संहिता, लागू झाल्या, श्रमिक पत्रकार कायदा त्यांच्यात विरघळला. एक गोष्ट चांगली झाली, टीव्ही आणि इतर इलेक्ट्रॉनिक माध्यमांतले पत्रकारही व्याख्येत आले, ती मागणी फार जुनी होती. पण वेज बोर्ड गेलं. आता जे काही ठरेल ते किमान वेतन ठरेल. किमान वेतन म्हणजे घराची फरशी, तिच्या खाली कुणाला पाडू नका एवढंच ते सांगतं, वर जायचा जिना कुठं आहे ते सांगत नाही. अनुभवाला जिना लागतो.

मग या धंद्यात कुणाचाच पगार वाढला नाही का? वाढला, पण तो नोकरी बदलणाऱ्याचा. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा सुरू झाले, २००८ मध्ये आयबीएन लोकमत, तेव्हा पेपरातली पोरं एका उडीत दुप्पट पगारावर गेली. २०११ मध्ये औरंगाबादला दिव्य मराठी निघाला तेव्हा मराठवाड्यातल्या सगळ्या पेपरांत अचानक पगारवाढीची पत्रं निघाली, इतकी वर्षं बजेट नव्हतं आणि आठवड्यात बजेट आलं. ज्यांनी उड्या मारल्या त्यांचं मी कौतुकच करते, घर चालवायचं होतं त्यांना. पण यातून कळतं काय, तर पैसे अनुभवाला मिळाले नाहीत, सोडून जाण्याच्या शक्यतेला मिळाले. ज्याला सोडून जाता येत नाही त्याचा अनुभव कितीही असो, तो तिथंच. आणि बायका यात सगळ्यात जास्त अडकतात. माझ्या नवऱ्याची नोकरी सोलापुरात, मुलं शाळेत, पुण्याहून दोनदा विचारणा झाली आणि दोन्ही वेळा नाही म्हणावं लागलं, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत, म्हणजे ही कुठं जात नाही हेही माहीत. मग कशाला वाढवतील? रात्रपाळी करणाऱ्या, वीस-वीस वर्षं एकाच डेस्कवर असलेल्या बायका मी पाहिल्यात, त्यांच्यानंतर येऊन गेलेले पुरुष संपादक झाले.

या अनुभवाचा पेपरला उपयोग काय असतो हे व्यवस्थापनाला दिसत नाही कारण तो छापून न आलेल्या गोष्टीत असतो. सोलापूरकरांना कळेल असं उदाहरण देते. उजनी धरण. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा आणि ५३ टीएमसी उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे उजनी शून्य टक्के झालं तेव्हा धरणात त्रेसष्ट टीएमसी पाणी असतं, आणि त्यातलं उपसायला लागलं की धरण मायनसमध्ये जातं. नवीन मुलगा एप्रिल-मेमध्ये कॉपी देतो, उजनी कोरडं पडलं. हेडिंग झकास आहे, रात्रीचे साडेबारा वाजलेत, पान सोडायचंय, पुण्या-मुंबईच्या डेस्कवर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथं वीस वर्षं बसलेला माणूस तेवढ्या घाईत ते थांबवतो, मुलाला फोन लावतो, अरे मायनस किती, पाळी कुठल्या कालव्याला सुटलीय, शहराची पाइपलाइन चालू आहे का, आणि तीन ओळी बदलतो. सकाळी बाजारात घबराट होत नाही, टँकरवाले भाव वाढवत नाहीत, आणि कुणाला कळतही नाही की काही होणार होतं. तसंच कोर्टाच्या बातमीत आरोपी आणि दोषी, तसंच लैंगिक अत्याचाराच्या बातमीत गावाचं नाव आणि नात्याचा उल्लेख काढणं की ज्यावरून मुलगी ओळखू येईल, तसंच साखर कारखान्याच्या निवडणुकीत कुणाचं पॅनेल कुणाच्या मागं आहे. हे कुठल्याच कोर्सात मिळत नाही, वर्षांनीच येतं. आणि अप्रेझलच्या फॉर्मवर त्याला रकाना नाही. बायलाइन किती, म्हणजे स्वतःच्या नावानं छापलेल्या बातम्या किती, एक्सक्लुझिव्ह किती, आता तर पेज व्ह्यू किती, त्याला रकाने आहेत.

डिजिटलला येणाऱ्या मुलांवर माझा राग नाही हे इथं सांगितलं पाहिजे कारण ज्येष्ठ मंडळी फार करतात तसं. ती मुलं एका शिफ्टमध्ये पंधरा-वीस बातम्या टाकतात, व्हिडिओ कापतात, मथळे तीन तीन प्रकारे लिहितात, डोळे जातील त्यांचे. त्यांना जास्त देतात म्हणून नाही, त्यांनाही दहा वर्षांनी हेच वाट्याला येणार आहे म्हणून मी लिहितेय.

कारण पन्नाशीच्या आसपास तर उलटंच होतं, अनुभव अंगावर येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जाहिराती बंद पडल्या, पानं कमी झाली, आवृत्त्या बंद झाल्या, पगार कापले, हे सगळ्या राज्यानं पाहिलं. तेव्हा यादी कशी निघाली असेल सांगा, तर एक्सेलमध्ये पगाराच्या उतरत्या क्रमानं. वरची नावं जुन्यांची. एकाला काढून दोन नवीन ठेवता येतात हा हिशोब, त्यात चुकीचं असं कुणाला वाटलंच नाही. राजीनामा लिहून घेतला म्हणजे कपातीची नोटीस द्यायचा प्रश्नच नाही. आमच्यातले किती जण आज कुठं आहेत, कुणी क्लासेसची जाहिरातपत्रकं लिहितो, कुणी पुढाऱ्याचं सोशल मीडिया सांभाळतो, एकानं शहरातच डेअरी टाकलीय. जे राहिले त्यांचा कापलेला पगार परत पहिल्यासारखा व्हायला काहींना दोन वर्षं लागली आणि काहींचा झालाच नाही.

हे सगळं पगारी लोकांचं झालं. ज्यांना पगारच नाही त्यांच्याबद्दल मला जास्त सांगायचंय. तुमचा पेपर असो की दुसरा कुठला, तालुक्याची बातमी कोण देतं? वार्ताहर. नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही, महिन्याला हजार-पाचशे मानधन, ते पण वेळेवर नाही, कुठं कुठं तेवढंही नाही आणि नुसतं ओळखपत्र. मग त्यानं जगायचं कशावर तर जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, सव्वीस जानेवारी आणि नेत्यांचे वाढदिवस, यांचं टार्गेट ऑफिसातून येतं. ज्या सभापतीच्या टेंडरची बातमी द्यायची त्याच सभापतीकडे वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात मागायला जायचं. जाहिरात छापून येते, सभापती पैसे देत नाही, आणि वसुली वार्ताहराच्या नावावर बसते, त्याच्या मानधनातून आणि कमिशनमधून कापतात. बार्शीकडचे एक वार्ताहर मला आठवतात, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळेपासून बातम्या देत होते, म्हणजे १९९३ पासून. फॅक्स, मग मेल, मग व्हॉट्सअ‍ॅप, सगळी साधनं बदलली, माणूस तोच. गावात त्यांना सगळे पत्रकारसाहेब म्हणायचे. पेट्रोल स्वतःचं, मोबाइल स्वतःचा, फोटोसाठी कॅमेरा कर्ज काढून घेतलेला. घर चाललं ते बायकोच्या शिलाई मशीनवर.

आता राज्य सरकारची आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना आहे, आधी महिना ११,००० होते, आता २०,००० झालेत, आणि चांगली योजना आहे ती, मी तिला नावं ठेवणार नाही. अट काय, तर वय ६० पूर्ण आणि पत्रकारितेतला ३० वर्षांचा अनुभव. तो अनुभव सिद्ध करायचा कागदांवर. बार्शीकडच्या या वार्ताहरांकडे तीस वर्षांच्या बातम्यांची कात्रणं आहेत, पत्र्याच्या पेटीत भरून ठेवलीत, पण बऱ्याच जुन्या बातम्यांवर नाव नाही, नुसतं वार्ताहर किंवा बार्शी, ता. अमुक. नेमणूकपत्र एकाही पेपरनं दिलेलं नाही. जुन्या पेपरांपैकी एकाचं कार्यालय बंद झालं, दुसऱ्यात जे संपादक होते ते वारले, आताचे म्हणतात आमच्याकडे तुमचं रेकॉर्ड नाही. म्हणजे सरकार वर्षं मोजायला तयार आहे आणि ज्यांच्यासाठी ती वर्षं घातली ते लिहून द्यायला तयार नाहीत. यात पेपरचा एक रुपया जाणार नव्हता हो, एक लेटरहेड आणि एक सही.

पगारी पत्रकारांचीही म्हातारपणाची सोय फार वेगळी नाही. पीएफला जोडलेली ईपीएस-९५ ची पेन्शन, पगार कितीही असला तरी मोजताना साधारणपणे १५,००० च्या पुढं धरत नाहीत, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधी तर ६,५०० च्या पुढं धरत नव्हते. पस्तीस वर्षं नोकरी केली तरी सूत्रानं साडेसात-आठ हजारांच्या पुढं जात नाही, आणि मधे कॉन्ट्रॅक्टची वर्षं, पीएफ न भरलेली वर्षं असली की दोन-तीन हजारांवर येते. किमान पेन्शन १,००० रुपये आहे, ती २०१४ पासून तेवढीच आहे. ज्या माणसानं तुमच्या पेपरात निवृत्तिवेतनधारकांच्या मोर्चाच्या बातम्या आयुष्यभर लावल्या त्याला स्वतःला हे मिळतं.

मालकांची बाजू मला माहीत नाही असं नाही. कागद महाग झालाय, पेपर पाच-सहा रुपयांना विकतो आणि छापायला त्यापेक्षा जास्त लागतात, मधला खड्डा जाहिरातींनी भरायचा आणि जाहिराती गूगल-फेसबुककडे गेल्या, नवीन वाचक मोबाइलवर फुकट वाचतो. छोट्या साप्ताहिकांची तर फारच ओढाताण आहे, तिथं संपादकच गठ्ठे उचलतो. सगळ्यांना एकाच मापानं मोजा असं कुणीच म्हणत नव्हतं, वेज बोर्डसुद्धा उत्पन्नाप्रमाणेच वर्ग पाडायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की जो काही पैसा आहे त्याच्या वाटणीत वर्षांना काहीतरी जागा असू द्या. पाच वर्षांनी इतकं, दहा वर्षांनी इतकं, पंधरा वर्षांनी इतकं, आकडा लहान असला तरी चालेल पण तो लिहिलेला असू द्या, सगळ्यांना दिसेल असा. आज एकाच डेस्कवरच्या दोघांना एकमेकांचा पगार सांगू नका अशी ताकीद असते. जगाचे घोटाळे उघडे करणाऱ्या जागी हे शोभत नाही.

आणि वाचकांनाही सांगते, हे आमच्या घरातलं भांडण समजून पान उलटू नका. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात औषधं का नाहीत, तुमच्या वॉर्डातला रस्ता तीनदा कसा झाला, हे ज्याला खोदून काढायचंय त्याला दहा वर्षांची ओळख लागते, तलाठ्यापासून ठेकेदारापर्यंत. ती ओळख झाली की नेमका त्याच वेळी तो माणूस पगाराला कंटाळून पीआर एजन्सीत किंवा आमदाराच्या ऑफिसात जातो. तीच माहिती मग लपवायच्या कामाला लागते.

संपादक महोदय, तुमच्याकडून दोनच अपेक्षा आहेत आणि दोन्ही तुमच्या हातातल्या आहेत. तुमच्या पेपरात पुढच्या वेळी उपसंपादक पाहिजेत अशी जाहिरात निघेल तेव्हा त्यात अनुभवाची अट छापता तसा त्या अनुभवाचा पगारही छापा, अनुभवानुसार योग्य वेतन असं नको, आकडा छापा. आणि तुमच्या जेवढ्या तालुक्यांत वार्ताहर आहेत तेवढ्यांना, कधीपासून काम करतात ती तारीख घालून, तुमच्या सहीचं एकेक पत्र द्या, जे साठीला आलेत त्यांना आधी. जागेअभावी हे पत्र कापावं लागलं तर वेज बोर्डाचा इतिहास कापा, वार्ताहरांबद्दलचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक निवृत्त मुख्य उपसंपादक,
सोलापूर